आकडा घरचा, कात्री दुकानातली

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय तसा छोटा आहे, पण मागच्या सर्वसाधारण सभेत त्यावर पाऊण तास गेला, हे आपल्याला आठवत असेल. लॉबीतल्या बोन्साय वडाची कुंडी यंदा जूनमध्ये बदलायची आहे. त्यासाठी बारा अवजारांचा तयार संच बागेच्या निधीतून घ्यावा, अशी सूचना आली. लगेच दुसऱ्या बाजूनं आवाज आला, ‘कशाला? घरात काटे-चमचे आहेत, कात्र्या आहेत, भागवा त्यावर.’ मग दोन्ही बाजूंनी माझ्याकडे पाहिलं. मी टीटीसी पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली आहेत आणि त्या वडाची देखभालही माझ्याकडेच आहे. त्या दिवशी वेळ संपली होती. आज सविस्तर बोलतो.

माझं उत्तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं नाराज करणारं आहे. जे हत्यार कापतं ते विकत घ्यावं. जे उकरतं, विंचरतं, चाळतं आणि ठासतं ते घरी करावं. आता हे असं का, ते सांगतो.

आधी झाडाबद्दल. नवीन सभासदांना ठाऊक नसेल, हा वड कुठल्या नर्सरीतून आणलेला नाही. बी विंगच्या पाण्याच्या टाकीखाली पॅरापेटच्या भेगेत तो उगवला होता. पक्षी वडाची फळं खातात, विष्ठेतून बी पडतं आणि आपल्या पावसात ते भिंतीतही रुजतं. दरवर्षी वॉटरप्रूफिंगवाला अशी रोपं उपटून टाकतो. २००८ साली आम्ही दोघा-तिघांनी यातलं एक रोप छिन्नीनं भेग मोकळी करून मुळांसकट काढलं. सोसायटी २००० सालची, म्हणजे हे झाड आपल्याहून आठ वर्षांनी लहान. इमारतीच्या मुळावर उठलेलं रोपटं आज इमारतीच्या दारात शोभेला उभं आहे.

आता कुंडी बदलणं म्हणजे काय, ते बघू. उथळ कुंडीत मुळं दोन-तीन वर्षांत गोल गोल फिरून गच्च होतात. माती दाबली जाते, पाणी वरच साचतं. मग झाड बाहेर काढायचं, मुळांचा गुंता बाहेरून आत हळूहळू मोकळा करायचा, साधारण एक तृतीयांश मुळं छाटायची, ताजी माती भरायची, झाड तारेनं कुंडीला बांधायचं आणि मुळांमध्ये पोकळी राहणार नाही अशी माती ठासायची. वडासारख्या झाडाला आपल्याकडे पाऊस स्थिरावला की हे करावं, कारण हवा दमट असते आणि नवी मुळं लवकर फुटतात. अडचण एकच. उघडी पडलेली बारीक मुळं वाऱ्यात बघता बघता सुकतात. ओलं गोणपाट हाताशी ठेवलं तरी काम भराभर उरकावं लागतं. तेव्हा योग्य अवजार जवळ नसेल तर हाल झाडाचे होतात.

पहिलं काम उकरण्याचं. त्याला लागतो आकडा. दुकानात तो एक दाताचा आणि तीन दातांचा मिळतो. पण स्वस्तातल्या आकड्यांची टोकं बऱ्याचदा अणकुचीदार असतात, आणि टोकदार आकडा मुळं सोडवत नाही, सोलतो. घरी करायचा तर पाच मिलिमीटरचा लोखंडी गज हातभर घ्या. व्हाइसमध्ये धरून शेवटची दोन इंच काटकोनात वाकवा. एवढा मऊ गज थंडच वाकतो, भट्टी लागत नाही. मग कानशीनं टोक गोल करा, त्यावर पॉलिश पेपर फिरवा. टोक तळहातावर जोरात ओढलं तरी ओरखडा उठता कामा नये, ही त्याची परीक्षा. मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, ओल्या हातातून निसटणार नाही. बारीक मुळांसाठी जेवणाचा स्टीलचा जुना काटा घ्या आणि त्याचे दात पुढून वाकवा. झाली तुमची फणी. शाळेतून परतलेल्या मुलीच्या केसांचा गुंता आई जशी टोकाकडून सोडवत मुळाकडे जाते, तशी ही फणी चालवायची.

इथं घरचं अवजार नुसतं स्वस्त नाही, ते जास्त चांगलं आहे. आपली कुंडी किती खोल, आपली मूठ केवढी, ते आपल्यालाच माहीत असतं. आणि ज्यानं टोक स्वतः कानशीनं घासून गोल केलंय, त्याला ते गोल का हवं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरं काम ठासण्याचं. मुळांमधल्या फटींत माती जाण्यासाठी काडीनं हलकेच टोचत राहायचं असतं. जपानमध्ये जेवणाच्या काड्या वापरतात. काहीजण लोकर विणायची स्टीलची सुई घेतात. ती घेऊ नये, कारण वाटेत मूळ आलं तर स्टील त्याला भोसकतं, बांबू मात्र थोडा वाकतो. आणि बांबू आपल्याकडे दर दिवाळीला येतोच. आकाशकंदील उतरवला की त्याच्या कामट्या फेकू नका. एक टोक निमुळतं पण बोथट करा, कडा घासून घ्या. वर्षभराच्या काड्या तयार.

तिसरं चाळणं. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उथळ कुंडीतून ते पाणी खाली गेलंच पाहिजे. म्हणून विटांच्या चुऱ्यातली धूळ काढून टाकायची आणि साधारण ज्वारीपासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराचे दाणे ठेवायचे. धूळ राहिली की तिचा चिखल होतो आणि मुळं कुजतात. दुकानातला जाळ्या बदलायचा चाळणीचा संच सुबक असतो, पण रव्याची चाळण आणि गव्हाची चाळण एकाखाली एक धरली की तेच काम होतं. गव्हाच्या चाळणीवर मोठे खडे राहतात, रव्याच्या चाळणीतून धूळ खाली जाते, मधलं आपलं. फक्त जुन्या चाळण्या घ्या, घरात विचारून घ्या आणि त्या परत ओट्यावर नेऊ नका. माती भरायला शाम्पूची बाटली तिरकी कापली की उत्तम डाव होतो. झाड बांधायला जुन्या वायरिंगमधली तांब्याची तार चालते, आणि घराघरात नूतनीकरण चालू असल्यामुळे ती आपल्या आवारात कमी पडणार नाही. ती तोडायला घरची पक्कड पुरते.

आता कापण्याकडे येतो. इथं मी काटकसरीच्या विरुद्ध आहे.

मूळ स्वच्छ कापलं गेलं तर त्या जागेजवळून नवी मुळं फुटतात. ते चेंगरलं तर चेंगरलेला भाग आधी कुजतो, आणि ओल्या मातीत ती कूज पुढे सरकते. वरून काही दिसत नाही. महिन्याभरानं पानं पिवळी पडायला लागतात, तेव्हा उशीर झालेला असतो. स्वयंपाकघरातली कात्री पातळ, तिचा सांधा सैल. जाड मूळ आलं की पाती एकमेकांपासून फाकतात आणि मूळ मध्ये दुमडतं. बागेच्या कात्रीतही दोन प्रकार आहेत. एकात पातं सपाट पट्टीवर आपटतं, तो प्रकार ओली मुळं चेपतो. दुसऱ्यात दोन पाती एकमेकांना घासून जातात, तो घ्यावा.

मला विचारतात, ‘तुम्ही टूलरूमवाले, मग कात्री घरी का नाही करत?’ एकतीस वर्षं पोलाद घासलं म्हणूनच करत नाही. कापणाऱ्या हत्याराचा जीव त्याच्या आकारात नसतो, त्याला दिलेल्या पाण्यात असतो. पोलाद ठरावीक तापवून विझवायचं, मग पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. यात थोडं इकडचं तिकडं झालं तर धार एक तर मुडपते, नाही तर तिचा टवका उडतो. ग्राइंडरवर घासताना धार निळी पडली की समजा, पाणी उतरलं. त्यात दोन पाती मुळापासून टोकापर्यंत एकसारखी जुळली पाहिजेत आणि सांध्यात खेळ नको. एका नगासाठी हे सगळं घरी साधणं परवडत नाही.

मात्र एक गैरसमज नको. हातानं घडवलेलं आणि घरी केलेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या खेड्यापाड्यांत भाता आणि ऐरण घेऊन फिरणारे घिसाडी विळे, कोयते, खुरपी हातानंच घडवत आले. नवरा सांडशीत लोखंड धरणार आणि बायको घण मारणार, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पाणी देणं काय असतं ते सांगायला नको. ती पिढ्यांची विद्या आहे. जपानमध्येही उत्तम बोन्साय कात्र्या हातानं घडवल्या जातात. मासाकुनी हे तिथल्या कारागीर घराण्याचं नाव जगभर त्यासाठीच ओळखलं जातं. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले माळी शहराबाहेर ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी तिथं बोन्साय गाव वसवलं. तीही एक वसाहतच, फक्त सभासदत्वाच्या अटी झाडांच्या. तेव्हा कापणारं हत्यार जाणत्याच्या हातचं असावं, मग तो जाणता कारखान्यात असो वा पालावर.

मग बारा नगांच्या संचाचं काय? त्यातले निम्मे नग आकडे, काड्या, ब्रश, डाव, चाळणी असेच असतात. ते आपण करू. आपल्याला तीनच गोष्टी घ्यायच्या आहेत. लांब मुठीची मुळांची कात्री, जाड मुळांसाठी कटर आणि दुमडणारी छोटी करवत. अंतर्गोल कटर अनेकांना मोहात पाडतो. तो फांदीसाठी असतो. त्यानं खोडावर खोलगट जखम होते आणि ती भरल्यावर फुगवटा राहत नाही. पण मातीतल्या मुळांवर तो चालवला की खड्यांनी धार गेली. तो नंतर कधी तरी घेऊ. हे सगळं घेताना आधी हातात धरून, कागद कापून पाहावं. राणीच्या बागेत मुंबई महापालिकेचं झाडांचं प्रदर्शन भरतं, पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं. तिथं जाणकारांना विचारताही येतं. पुण्यात प्राजक्ता काळे यांनी मोठा बोन्साय संग्रह उभा केला आहे आणि २०१८ मध्ये तिथं आंतरराष्ट्रीय बोन्साय संमेलनही झालं. म्हणजे शिकायला जपानला जावं लागत नाही.

विकत घेतलं म्हणजे काम संपलं असं नाही. आपण खाडीकाठी राहतो, इथल्या हवेत लोखंडाला गंज लवकर चढतो. वडाचा चीक पात्यावर वाळला की कात्री अडखळते. काम झालं की चीक रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा, पातं कोरडं करायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटनं पुसायचं.

काही भगिनींनी मला विचारलं होतं की हा झाडाचा छळ नाही का? प्रश्न प्रामाणिक आहे. माझं म्हणणं असं की छाटलेलं झाड शेकडो वर्षंही जगू शकतं, पण त्यासाठी ते सतत कुणीतरी सांभाळावं लागतं. छळ होतो तो बोथट पात्यानं आणि विसरलेल्या पाण्यानं.

आणि म्हणून शेवटची, खरी गोष्ट. माझी पकड आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. आसपासच्या सिडकोच्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची चर्चा आपण रोज ऐकतो. उद्या आपलीही वेळ येईल, तेव्हा भिंती जातील, पण हा वड दोन माणसांना उचलून नेता येतो. त्याला नेणारी दोन माणसं मात्र तयार हवीत. कमिटीला माझी विनंती आहे की तीन अवजारं निधीतून घ्यावीत आणि मेमधल्या एका रविवारी गच्चीवर मुलामुलींनी आपापला आकडा स्वतः वाकवावा, घासावा. गज, व्हाइस आणि कानशी माझ्याकडून. जुन्या चाळण्या आणि मागच्या दिवाळीच्या कामट्या तुमच्याकडून. ज्यांना नावं द्यायची आहेत, त्यांनी ती वॉचमनच्या केबिनमधल्या वहीत लिहावीत.