शिकलेले जमेस धरा
(पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या समाजात शिक्षण मध्येच का सुटते, हे मी तुम्हांला सांगायला नको. वडील अंथरुणाला खिळले की मुलगा यंत्रमागावर जातो. चांगले स्थळ आले की मुलीचे कॉलेज पहिल्या वर्षाला थांबते. पुढे कुणी विचारले तर उत्तर ठरलेले: "आता पुन्हा पहिल्यापासून कोण बसणार?" बंधूंनो, दर वेळी पहिल्यापासून बसावे लागत नाही. पास झालेला विषय जमेस धरण्याची सोय नियमांत आहे. ती मागून घ्यावी लागते, एवढेच.

प्रथम दहावी पाहू. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, उत्तीर्ण होण्यास पाच विषय लागतात. आपल्या बोर्डात नापास झालेल्या मुलाचे पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण तेथे वर्ग करता येतात. मात्र ते विषय त्यांच्या यादीत हवेत. उरलेले तीन विषय पाच वर्षांत, सवडीने देता येतात.

दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा केलेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे.

आता कॉलेज. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू केली. पैशाच्या बँकेसारखीच ही बँक. फक्त येथे अभ्यास जमा होतो. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट मिळवून, शिवाय ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा करून थांबणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. म्हणजे सासरी गेलेल्या मुलीचे वर्ष बुडीत खात्यात गेले, असे समजू नका. 'स्वयम्'वरील विषय घरी शिकून, परीक्षा देऊनही क्रेडिट मिळते. एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय असे घेण्याची मुभा विद्यापीठ देऊ शकते.

पण सावध राहा. बँकेत क्रेडिट आहे म्हणजे दुसऱ्या कॉलेजात जागा मिळालीच, असे नाही. कोणता विषय मान्य करायचा, हे नवे विद्यापीठ ठरवते. म्हणून जुने कॉलेज सोडण्यापूर्वी नव्या ठिकाणी लेखी विचारा. 'स्वयम्'चा विषय घेण्याआधी कॉलेजची मंजुरी घ्या. गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची प्रत जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याच घरांत फार नडते. आधारवर 'शेख', दाखल्यावर 'शैख'. एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर नुसते 'मो.', लग्नानंतर मुलीचे आडनाव निराळे. नावे जुळली नाहीत की खाते अडते आणि घाम गाळून मिळविलेले गुण अडकून पडतात. हे काम ऐन प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. मूल आठवी-नववीत असतानाच सर्व कागद समोर मांडा आणि एकच नाव करून घ्या.

घरी गेल्यावर पेटी उघडा. तीत एखादी अर्धवट राहिलेली गुणपत्रिका सापडेल. ती मुलाची असो, मुलीची असो वा सुनेची, शाळेत घेऊन या. त्यातले काय जमेस धरता येईल, ते आपण मिळून पाहू.