फाइल वर का चढत नाही?
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



आजचा विषय तसा रुक्ष आहे. पण तो माझ्या घरात एका रात्री ज्या रीतीने आला, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. माझ्या थोरल्या भावाची मुलगी बारावी होऊन कॉलेजात गेली होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस. अर्ज भरून झाला होता, राहिले होते फक्त चार कागद चढवायचे : उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, गुणपत्रिका आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान. रात्री साडेदहाला तिने पहिला कागद लावला. चकती फिरत राहिली, मग पडद्यावर लाल अक्षरे आली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. साडेअकराला तिने मला फोन केला आणि विचारले, "चाचा, नेट तर चालू आहे. भाई आतल्या खोलीत क्रिकेट बघतोय, ते जराही अडकत नाही. मग माझा कागद का जात नाही?"

मी फोनवरून दोनचार गोष्टी सांगितल्या, त्यातली एकही योग्य नव्हती. बाराला पोर्टल बंद झाले. भाऊ एवढेच म्हणाला, "अरे, तू तर पोरांना हेच शिकवतोस ना?" त्या वर्षाची फी त्याने उसनवार करून भरली.

मित्रहो, त्या मुलीच्या प्रश्नातच सगळा विषय आहे. क्रिकेट दिसते, कारण ते खाली येत असते. कागद जात नाही, कारण तो वर जायचा असतो. खाली येण्याचा रस्ता आणि वर जाण्याचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते आहेत. आपल्या बहुतेक घरांत पहिला हमरस्ता असतो आणि दुसरा पायवाट.

हे कुणाच्या चुकीने झालेले नाही, ते मुद्दाम तसे केलेले आहे. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून जे ब्रॉडबँड घरोघरी गेले, त्याला एडीएसएल म्हणतात. त्यातल्या पहिल्या 'ए'चा अर्थच असमान असा आहे. १९९९ साली त्याचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यात तारेवरची २५ ते १३८ किलोहर्ट्झ ही चिंचोळी पट्टी वर जाण्यासाठी ठेवली आणि १३८ पासून ११०४ किलोहर्ट्झपर्यंतची सगळी रुंद पट्टी खाली येण्यासाठी दिली. त्या काळी लोक घरी बसून वाचणार, पाहणार, ऐकणार असा हिशेब होता. घरून कुणी मोठे काही पाठवील असे फारसे धरले नव्हते. आपल्या सरकारने २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या केली, ती किमान २५६ केबीपीएस खाली येण्याच्या वेगाची. २०२३ साली ती वाढवून २ एमबीपीएस केली, तीही खाली येण्याच्याच वेगाची. वर जाण्याचा वेग किती असावा, याबद्दल त्या व्याख्येत अक्षर नाही. आणि आज अर्ज, प्रवेश, दाखले, नोकरीची मुलाखत, सगळे त्या पायवाटेनेच जाते.

म्हणून जोडणी घेताना "किती एमबीचे पॅकेज?" एवढेच विचारू नका. "वर किती?" हेही विचारा. फायबरच्या जोडण्यांत बराच फरक पडला आहे. तिथे एका मुख्य धाग्यावर खाली सुमारे अडीच गिगाबिट आणि वर सुमारे सव्वा गिगाबिट मावते, ते अनेक घरांत वाटले जाते, आणि पुष्कळ पॅकेजांत दोन्ही वेग सारखे मिळतात. पण ते पॅकेजवर आहे, नुसत्या फायबर या शब्दावर नाही.

आता एक लहानसा हिशेब, विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावा. वेग मोजतात बिटांत आणि फाइल मोजतात बाइटांत. एका बाइटाचे आठ बिट. म्हणजे ७ एमबीची फाइल ५६ मेगाबिटांची झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाकडे जाऊन वेग मोजला, तेव्हा खाली ३८ आणि वर फक्त ०.३ एमबीपीएस भरला. छप्पन्नाला ०.३ ने भागा : तीन मिनिटांहून जास्त. पोर्टल तेवढा वेळ थांबत नव्हते, मध्येच संबंध तोडत होते, आणि कागद पुन्हा पहिल्या अक्षरापासून निघत होता. मुलगी रात्रभर प्रयत्न करती तरी तो गेला नसता.

हा ०.३ कुठून आला, ते शोधायला मला दोन तास लागले. कारण एक नव्हते, तीन होती.

पहिले कारण माझ्या पुतण्याच्या खिशात होते. चार दिवसांपूर्वी घरात लग्न झाले होते. त्याच्या फोनमधले लग्नाचे सगळे व्हिडिओ आपोआप बॅकअपला जात होते, रात्रंदिवस. फोन चार्जिंगला लावून वायफायवर आला की हे काम सुरू होते आणि कुणाला पत्ता लागत नाही. संगणकावरही असे छुपे वाटसरू असतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक केले की जास्त वापरणारा वर येतो. विंडोज १० पासून तर संगणक स्वतःला आलेले अपडेट इंटरनेटवरच्या दुसऱ्या संगणकांनाही पाठवू शकतो. सेटिंग्जमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची जागा आहे, तिथे हे बंद करता येते. वर जायची वाट भरली की खाली येणारेही अडखळते, कारण आलेल्या प्रत्येक गठ्ठ्याची पोच वर पाठवावी लागते आणि ती पोच गर्दीत अडकते. व्हिडिओ कॉलवर कुवेतहून अब्बा "आवाज येत नाही" म्हणतात, तेव्हा दोष बहुधा त्यांच्या बाजूचा नसतो.

गर्दी काय करते याची एक जुनी गोष्ट आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथलेच विद्यापीठ, जेमतेम ४०० यार्डांचे अंतर, यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तारा धड होत्या. झाले एवढेच, की प्रत्येक यंत्र न पोचलेला गठ्ठा पुन्हापुन्हा रेटत होते आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली त्यावरचा उपाय प्रसिद्ध केला : पोच उशिरा येऊ लागली की पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यायचा. आजही तुमचा संगणक थोड्याफार फरकाने तेच करतो. म्हणूनच एकाच वेळी चार ठिकाणी कागद लावून काही साधत नाही.

दुसरे कारण भिंत. आमची घरे जांभ्याची, हातभर जाडीची. राउटर पडवीत, मुलगी माजघराच्या पलीकडच्या खोलीत. राउटरचा आवाज भिंत ओलांडून लॅपटॉपला ऐकू येत होता, पण लॅपटॉपचा आवाज त्याहून बारीक, तो परत पोचताना थकत होता. पडद्यावर वायफायच्या रेघा दिसतात त्या राउटरच्या आवाजाच्या, तुमच्या नव्हेत. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बरी जाते, पण तिच्यावर शेजाऱ्यांची गर्दी असते. एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच लहरीवर बोलतो. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण जांभ्याची भिंत तिला फारशी वाट देत नाही. अर्ज भरायचा असेल त्या दिवशी लॅपटॉप उचलून पडवीत जावे. त्याहून चांगले म्हणजे नेटवर्कची केबल थेट राउटरला लावावी. ही केबल पन्नास ठिकाणी मुरगळलेली नसावी. आतल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली तरी कधीकधी नेट चालू राहते, फक्त वेग उतरतो, आणि माणूस दोष भलतीकडेच शोधत बसतो.

तिसरे कारण सर्वांत साधे, आणि ते माझ्या डोक्यात त्या रात्री आले नाही याची मला अजून लाज वाटते. कागद विनाकारण मोठा होता. दाखला रंगीत आणि ३०० डीपीआयवर स्कॅन केलेला. ए४ आकाराचे असे एक पान न दाबता ठेवले तर सुमारे २६ एमबी भरते, दाबून सात झाले होते. तेच पान १५० डीपीआयवर, रंग काढून, जेपीजीमध्ये घेतले तर बहुधा तीनशे केबीच्या आसपास बसते आणि शिक्का, सही, नाव सगळे वाचता येते. तीनशे केबी म्हणजे २.४ मेगाबिट. त्या रात्रीच्या ०.३ वेगावरही आठ सेकंद. गुणपत्रिकेची अक्षरे बारीक असतील तर २०० डीपीआय घ्या, पण घेतल्यावर मोठी करून स्वतः वाचून पाहा.

फोनवरचा बॅकअप थांबवून, केबल लावून पुन्हा मोजले तेव्हा वर ५ भरला. पॅकेज तेवढेच होते. पण तसे करूनही वेग भरला नाही तर तक्रार करावी, आणि ती हिशेबाने करावी. "नेट स्लो आहे" म्हणाल तर समोरचा राउटर बंद करून चालू करायला सांगेल. केबलवरून, बाकी सगळी उपकरणे बंद ठेवून, सकाळी, दुपारी आणि रात्री मोजा. तारीख, वेळ, खाली किती, वर किती हे लिहून ठेवा. सकाळी ठीक आणि रात्री नऊला पडत असेल तर गर्दी त्यांच्या बाजूला आहे. महिनाअखेरीसच पडत असेल तर पॅकेजमधली डेटाची मर्यादा संपली का ते पाहा. पाऊस पडला की पडत असेल तर बाहेरच्या जोडात पाणी शिरले असावे, तांब्याच्या तारेचे हे नेहमीचे दुखणे आहे. फायबरच्या डबीवर एलओएस नावाचा लाल दिवा लागला असेल तर धागा तुटला किंवा फार वाकला आहे. तो खिळ्याभोवती गुंडाळू नका, आणि टोक काढून फुंकर घालू नका.

बोलणे लांबले. या वर्षी पुतणीने अर्ज मुदतीच्या नऊ दिवस आधी, पहाटे, पडवीत बसून भरला. समारंभानंतर तासभर मी बाहेरच्या टेबलावर स्कॅनर आणि लॅपटॉप घेऊन बसणार आहे. ज्यांना आपले दाखले लहान करून पेनड्राइव्हवर हवे असतील त्यांनी मूळ कागद आणि स्वतःचा पेनड्राइव्ह सोबत आणावा. माझ्या लॅपटॉपवर कुणाचाही कागद मागे ठेवणार नाही, ते तुमच्यासमोरच पुसून टाकीन.