हाताची ओळख

रेडिओवर बोलताना एक गोष्ट मला नेहमी बरी वाटते. माझा चेहरा, माझा सदरा, माझी झिजलेली चप्पल, यातलं तुम्हाला काहीच दिसत नाही. पोचतो तो फक्त आवाज. आज ज्या प्रेमकथेविषयी बोलणार आहे, ती अशाच न दिसण्यातून सुरू होते.

चार्ली चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ ३० जानेवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या मुंबईत ‘आलम आरा’ लागला. हॉलिवूड तर त्याआधीच बोलू लागलं होतं. चॅप्लिन मात्र हट्टानं मुका राहिला. संगीत दिलं, तेही स्वतः. पण संवाद नाहीत.

रस्त्यावर फुलं विकणारी एक आंधळी मुलगी आहे. आपला फाटका चार्ली पोलिसाला चुकवायला उभ्या मोटारीत एका दारानं शिरतो आणि दुसऱ्या दारानं उतरतो. दार लागल्याचा आवाज ऐकून मुलीला वाटतं, कुणी बडा माणूस आला. तिचा हा गैरसमज मुक्या पडद्यावर कसा दाखवायचा? हा प्रसंग चॅप्लिननं ३४२ वेळा चित्रित केला, अशी नोंद आहे.

त्याच शहरात रात्र होते. नदीकाठी एक लक्षाधीश गळ्यात दोर अडकवून, त्याला दगड बांधून जीव द्यायला निघालेला. चार्ली त्याला वाचवतो, आणि वाचवता वाचवता स्वतःच पाण्यात पडतो! मग जिवाभावाची दोस्ती, मिठ्या, नाइट क्लब. तिथं सगळा गोंधळ. शेवयांसारखं काहीतरी ताटात आहे, त्यात वरून लोंबणारी कागदी फीत मिसळते आणि चार्ली फीतच खात सुटतो. पण मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. नाचाच्या कार्यक्रमात एक पुरुष बाईला फरफटवत, आपटत नाचत असतो. बाकीच्यांना ठाऊक आहे, हा खेळ आहे. चार्लीला ते खरंच वाटतं. तो उठतो आणि तिला सोडवायला धावतो. साऱ्या क्लबात खरोखर कळवळलेला तो एकटाच.

सकाळी नशा उतरते आणि लक्षाधीश त्याला ओळखतच नाही. नोकर चार्लीला बाहेर काढतो. रात्री पुन्हा प्याला की पुन्हा मिठी.

कविसंमेलनांतून असे दोस्त मीही पुष्कळ पाहिलेत. रात्री दोन वाजता गळ्यात पडून ‘तुमच्यासारखा कवी नाही’ म्हणणारे गृहस्थ सकाळी एसटी स्टँडवर चहाच्या टपरीशी भेटतात आणि पेपरात तोंड घालतात. आता राग येत नाही. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, रात्रीपुरतं होतं.

चार्लीचं प्रेम दिवसाचं आहे. मुलीसाठी तो रस्ते झाडतो, तिच्या घराचं भाडं थकलंय म्हणून पैशासाठी मुष्टियुद्धाला उभा राहून मार खातो. अखेर झिंगलेल्या लक्षाधीशानं दिलेले हजार डॉलर तो तिला डोळ्यांच्या उपचारासाठी नेऊन देतो. तोवर लक्षाधीश शुद्धीवर येऊन सगळं विसरलेला असतो, त्यामुळे चार्ली चोर ठरून तुरुंगात जातो.

सुटून येतो तेव्हा तिला दिसू लागलेलं असतं, तिचं फुलांचं दुकान असतं. पोरं चिडवतायत अशा त्या लक्तरातल्या माणसाला पाहून ती हसते. गंमत म्हणून एक फूल आणि नाणं द्यायला बाहेर येते, त्याचा हात हातात घेते आणि थबकते. डोळ्यांना जे कळलं नव्हतं, ते बोटांना कळतं.

तरुणपणी मुंबईत नोकरीला असताना फिल्म सोसायटीच्या खेळाला हे पाहिलं, तेव्हा वाटलं, संपलं. तिच्या मनातला देखणा श्रीमंत मेला, आता ती या फाटक्या माणसाकडून हळूच हात काढून घेणार. मित्रांना तसंच सांगत राहिलो. त्यावर कविताही लिहिली, आणि छापून आली.

मागच्या पावसाळ्यात घरी बायकोबरोबर तो पुन्हा पाहिला. मी सवयीनं माझा अर्थ सांगू लागलो. ती म्हणाली, “अहो, पण तिनं हात सोडला कुठं?”

मी शेवट परत लावला. तिनं तो हात छातीशी धरलेला आहे. सोडलेला नाही.