आज्ञावलीचा श्रीगणेशा

(सुवर्णमहोत्सवी वर्षात ग्रंथालय समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या ग्रंथालयाचे भवितव्य हा विषय वार्षिक सभेत नेहमी अखेरीस, चहा येऊ लागला म्हणजे निघतो. पुस्तके आहेत, कपाटे आहेत; वाचणारी पिढी मात्र थकत चालली, आणि पुढची पिढी देवनागरीशी अडखळते. पुस्तके कोणा संस्थेस देऊन टाकावीत, अशी सूचनाही आली होती. ती मान्य करण्यापूर्वी ग्रंथालयाची यादी मोबाइलवर आणून पाहावी असे ठरले, आणि हे काम बाहेरून करवून न घेता आपणच शिकून करावे असा हट्ट आम्ही धरला. आमच्यात चार सेवानिवृत्त, दोन गृहिणी आणि पाच शाळकरी मुले. मोबाइलचे अ‍ॅप कसे तयार होते, याचा गंध आम्हा वडीलधाऱ्यांपैकी कोणालाही नव्हता.

आम्ही निवडलेले साधन म्हणजे ‘अ‍ॅप इन्व्हेंटर’. गूगलने ते २०१० मध्ये लोकांपुढे आणले आणि २०१२ पासून अमेरिकेतील एमआयटी ही संस्था ते चालविते. ते विनामूल्य आहे. त्यात आज्ञा टंकून लिहावयाच्या नसतात. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवावयाचे असतात. एका पडद्यावर अ‍ॅपचे रूप मांडावयाचे, म्हणजे बटण कोठे, चित्र कोठे; दुसऱ्यावर त्याची वागणूक ठरवावयाची. ‘हे बटण दाबले गेले की अमुक करावे’, एवढेच पहिल्या धड्याचे व्याकरण. त्या धड्यात मांजराचे चित्र दाबले की ते म्याऊ करते. सत्तरी उलटलेल्या आमच्या एका सभासदांनी ते मांजर घरी येईल त्या पाहुण्याला ऐकविले. ‘जर’ आणि ‘तर’ यांचे ठोकळे येताच गृहिणींनी मुलांना मागे टाकले. दूध नासले तर काय, पाहुणे वाढले तर काय, असा विचार रोज करणाऱ्यास हे शिकवावे लागत नाही.

खरी कसोटी लागली ती पुस्तकांची नावे भरल्यानंतर. यंत्राला ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर आले ११. आपण मोजतो ती अक्षरे चारच. यंत्र ज, हलन्त, ञ, काना, अशी प्रत्येक खूण निराळी मोजते. याहून मोठा वाद अकारविल्ह्याचा. यादी लावण्याचा तयार ठोकळा चालविला, तेव्हा ‘काळ’ने आरंभ होणारी नावे ‘काव्य’च्या आधी येऊन बसली. मुलांना त्यात काही वावगे दिसेना. मग आजींनी वर्णमाला म्हणून दाखविली: श, ष, स, ह, ळ. ‘ळ’ हच्या नंतर! युनिकोड या संकेतात मात्र देवनागरीच्या प्रत्येक खुणेला क्रमांक दिलेला आहे आणि तेथे ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगोलग, ‘व’च्या आधी आहे. तयार ठोकळा त्या क्रमांकांवरून चालतो. त्याला मराठी वर्णमाला माहीत नाही.

तोडगा काढला तो आठवीतल्या मुलीने. त्या संकेतात ‘ह’ आणि काना यांच्या दरम्यान अवग्रहाचे चिन्ह आहे आणि आपल्या पुस्तकांच्या नावांत ते कोठेच नाही. प्रत्येक नावाची एक गुप्त प्रत करावी, तीत ‘ळ’च्या जागी अवग्रह घालावा, क्रम त्या प्रतीवरून लावावा आणि पडद्यावर मूळ नाव दाखवावे. ‘काव्य’ पुढे आले, ‘काळ’ मागे गेला. पण हे करण्यासाठी त्या मुलीला प्रथम वर्णमाला पाठ करावी लागली, आणि ती तिने कोणी न सांगता केली. शिकवणीचे वर्ग काढून आम्हाला जे वर्षानुवर्षे साधले नव्हते, ते एका अक्षराच्या भांडणाने साधले, हे येथे नमूद केले पाहिजे.

पुढचा प्रश्न साठवणुकीचा. प्रारंभी वापरलेली पेटी, ‘टायनीडीबी’, त्या त्या मोबाइलपुरतीच असते. एकाने पुस्तक नेले हे दुसऱ्याला कळत नाही. म्हणून ‘क्लाउडडीबी’ ही सामाईक पेटी घेतली. तीत वाचकांची नावे ठेवावीत की नाही यावर दोन बैठका झाल्या. अखेर केवळ सभासद क्रमांक ठेवला.

मुलांपैकी दोघे आता ठोकळे सोडून कोटलिन शिकू लागले आहेत. ही जेटब्रेन्स या कंपनीची भाषा. अँड्रॉइडसाठी गूगलने तिला २०१७ मध्ये मान्यता आणि २०१९ मध्ये अग्रस्थान दिले. एका स्वल्पविरामाने सारे अडते, अशी त्यांची तक्रार असते. शुद्धलेखन ज्यांनी मार खाऊन शिकले, त्यांना या तक्रारीची गंमत वाटते!

आता काम राहिले आहे ते आपल्याकडे. नव्या वैयक्तिक खात्यावरून गूगलच्या दुकानात अ‍ॅप ठेवावयाचे, तर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात आणि किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सहभागी राहावे लागते. शुल्काची सोय झाली आहे. चाचणीसाठी अँड्रॉइड मोबाइल असलेल्या सभासदांनी आपली नावे दाराशी ठेवलेल्या वहीत लिहावीत. मुलांनी आपले नाव देवनागरीत लिहावे. वहीशेजारी वर्णमालेचा तक्ता ठेवला आहे आणि त्यात ‘ळ’ त्याच्या जागी आहे.