कोळसा की न्याहारी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेच्या आसपास पाच महासरोवरं आहेत. त्यांतलं सर्वांत मोठं ते सुपीरियर. त्याच्या भोवतालच्या रानात ओजिब्वे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. स्वतःला ते अनिशिनाबे म्हणवतात. आज मला त्यांच्या एका उपासाविषयी बोलायचं आहे.

उपास म्हटला की आपल्याला साबुदाण्याची खिचडी आठवते. हा उपास तसला नव्हे. यात अन्न नाही आणि बहुधा पाणीही नाही. वयात येऊ घातलेल्या मुलानं रानात एकट्यानं राहायचं आणि स्वप्नाची वाट पाहायची. मुलीही उपास करत. स्वप्नात एखादा मनिडू, म्हणजे दैवी सामर्थ्य असलेला जीव, भेटावा, त्याला या भुकेल्या पोराची दया यावी आणि त्यानं जन्मभर पाठीराखं व्हावं, ही अपेक्षा. स्वप्नात काय दिसलं ते चारचौघांत बोलायचं नाही. आपल्याकडे गुरुमंत्र सांगत नाहीत, तसंच म्हणा.

याची तयारी लहानपणापासून होई. इनेझ हिल्गर नावाच्या एका ख्रिस्ती जोगिणीनं वृद्ध ओजिब्वेंच्या आठवणी गोळा करून १९५१ साली पुस्तक काढलं. त्यांत ही गोष्ट येते. सकाळी आईबाप पोरापुढे दोन वस्तू धरत, एका हातात खाणं आणि दुसऱ्या हातात कोळसा. खाणं घेतलं तर रोजचा दिवस. कोळसा घेतला तर तो तोंडाला फासून दिवसभर उपाशी. काळं तोंड दिसलं की हा पोरगा उपासाला आहे, हे सगळ्यांना कळे. निवड पोराची, हे मला यात फार महत्त्वाचं वाटतं. अर्थात, बापाचा डोळा कोणत्या हाताकडे आहे हे पोरांना कळत असणारच!

योहान गेओर्ग कोल हा जर्मन प्रवासी १८५५ साली सुपीरियरच्या काठी राहिला होता. एका म्हाताऱ्यानं त्याला स्वतःच्या उपासाची हकिकत सांगितली. आजोबांनी त्याला रानात नेलं आणि झाडावर फांद्यांचं अंथरूण करून दिलं. चौथ्या दिवशी तहान सोसवेना, तेव्हा त्यानं जवळचा पाला तोंडात घातला. उपास मोडला! पोरगं घरी परतलं, आणि पुढच्या वसंतात पुन्हा बसलं.

पण हट्ट बापाचा असेल तर? त्याचीही कथा ओजिब्वेंपाशी आहे. जेन जॉन्स्टन स्कूलक्राफ्ट या लेखिकेची आई ओजिब्वे होती. तिनं ती १८२७च्या सुमारास इंग्रजीत लिहिली. आपल्या मुलाला सगळ्यांहून मोठं सामर्थ्य मिळावं म्हणून बाप त्याला बारा दिवस उपाशी बसवतो. नवव्या दिवशी मुलगा म्हणतो, स्वप्नं अशुभ पडताहेत, सोडू का? बाप म्हणतो, थोडेच दिवस राहिले. बाराव्या दिवसानंतर बाप सकाळी न्याहारी घेऊन येतो, तर मुलगा छाती तांबडी रंगवतो आहे. बघता बघता तो रॉबिन पक्षी होऊन उडून जातो. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत मला ही कथा हटकून आठवते.

उपासाआधी शुद्धीसाठी घाम काढायची रीत आहे. कोवळे फोक वाकवून बुटकी खोपी करतात आणि पूर्वी कातड्यांनी किंवा सालींनी, आता कांबळ्यांनी झाकतात. बाहेर तापवलेले धोंडे आत आणून त्यांवर पाणी शिंपडतात. या धोंड्यांना ते आजोबा म्हणतात. आत मिट्ट काळोख आणि वाफ. शिरायचं ते रांगत.

हे सारं सुखासुखी टिकलं नाही. अमेरिकेत १८८३च्या नियमांनी आदिवासींचे धार्मिक नाच आणि वैदूंचे विधी गुन्हा ठरले. धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला तो १९७८ साली. कॅनडातली विधींवरची बंदी १९५१पर्यंत होती. मुलं निवासी शाळांत गेली. बॅसिल जॉन्स्टन हा ओजिब्वे लेखक दहा वर्षांचा असताना अशाच शाळेत नेला गेला, आणि पुढे त्यानंच आपल्या लोकांच्या कथा लिहून ठेवल्या.

बंदी उठली आणि बाजार आला. २००९च्या ऑक्टोबरात ॲरिझोनातल्या सेडोना इथं एका गोऱ्या 'यशोगुरू'नं हजारो डॉलर घेऊन पन्नासाहून अधिक माणसं अशा खोपीत बसवली. तिघं दगावली. २०११ साली तो निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूंबद्दल दोषी ठरला. आदिवासींमधून तेव्हा संताप उमटला, आणि तो रास्तच होता. ज्या विधीसाठी त्यांच्या आज्यापणज्यांना गुन्हेगार ठरवलं, तोच आता तिकीट लावून विकला जात होता.

ओजिब्वे मुलं आजही उपासाला बसतात. त्यासाठी वडीलधाऱ्यांकडे जायचं, तर पैसे नेत नाहीत. आधी त्यांच्या हातावर थोडी तंबाखू ठेवतात आणि मग विचारतात.