पाणी किती फुटावर?



जुलै उजाडला की आम्हा सांगलीकरांची चौकशीची रीतच बदलते. ‘काय म्हणता, बरं आहे ना?’ मागे पडतं आणि ‘पाणी किती फुटावर?’ सुरू होतं. हे फूट आयर्विन पुलाजवळचे. 1929 साली बांधलेल्या या पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. कोल्हापूरकरांचे आकडे वेगळे. राजाराम बंधाऱ्यावर 39 आणि 43. आमच्याकडं लहान पोरालाही हे पाठ असतं.

पण आकडा पाठ असणं निराळं आणि तो आपल्या दारात काय करणार हे कळणं निराळं.

आमच्या घरात, भिंतीवर 2005 च्या पुराची रेघ होती. कमरेएवढी. तेव्हा पाणी 53 फुटांवर गेलं होतं. वडिलांनी पेन्सिलीनं ओढलेली ती रेघ आम्ही रंगकामातही जपली, पाहुण्यांना कौतुकानं दाखवली. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी चढू लागलं, तेव्हा आम्ही धान्याचे डबे, गाद्या, मुलांची दप्तरं, बँकेची पासबुकं सगळं टेबलांवर रचलं. रेघेच्या चांगलं वीतभर वर. आणि निर्धास्त झालो! पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. टेबलं तरंगली, डबे उलटले. चिखल काढताना रेघ सापडली, ती फार खाली वाटली.

गल्लोगल्ली हेच झालं. ‘पाच सालाला इथं आलं नव्हतं,’ हे वाक्य त्या आठवड्यात मी किती जणांकडून ऐकलं! मीही म्हटलं होतं. जुन्या पुराची आठवण आम्हाला सावध करायची, ती उलट धीर देत बसली.

माणसं वेळेत का निघत नाहीत, असं शहरातला माणूस सहज विचारतो. गोठ्यात दोन म्हशी असलेल्याला विचारून बघा. जनावरांची वैरण-पाण्यासकट सोय लागल्याशिवाय बाई उंबरा ओलांडत नाही. मग उशीर होतो आणि एकाच नावेत सगळं गाव चढू बघतं. त्याच ऑगस्टच्या 8 तारखेला ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटली. त्याबद्दल जास्त बोलवत नाही.

खाली नरसोबाच्या वाडीच्या दत्तमंदिराचा मात्र पुराशी जुना करार आहे. पाणी चढू लागलं की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. नदी गाभाऱ्यात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडली की दक्षिणद्वार सोहळा, आणि त्या पाण्यात स्नानाला लोक दुरून येतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. मला त्यातली शिस्त आवडते. कधी, काय, कुठं हलवायचं हे आधीच ठरलेलं असतं.

2019 नंतर आम्ही गल्लीतल्या घराघरांत एक काम केलं. रेघ ओढण्याऐवजी आयर्विनला किती फूट झालं की आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं, ते चौकटीवर ऑइलपेंटनं लिहिलं. आमचा आकडा 51, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा 49. जुलै 2021 मध्ये पुलापाशी 45 झाले, तशी गिरणीवाल्यानं मोटर सोडवली आणि हातगाडीवर घातली. आम्ही सगळे त्याला हसत होतो, पण एकीकडं गाद्यांच्या वळकट्या बांधत होतो.