पक्षाघात : रुग्ण घरी परतल्यानंतर



येलदरीच्या धरणात पूर्णेचे पाणी किती साठले, याची नोंद दररोज होते. भिंतीवरील दाबाकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही अभियंत्याला परवडणारे नसते. मात्र याच परिसरातील किती जणांचा रक्तदाब धोक्याच्या पातळीवर आहे, हे बहुधा त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नसते. एके दिवशी तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, बोबडी वळते. मग ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणून झाडपाल्याच्या शोधात मोलाचे तास निघून जातात.

पक्षाघाताचे प्रमुख कारण उच्च रक्तदाब हेच आहे. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे सीटी स्कॅनवाचून निश्चित होत नाही. आणि गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. येलदरीहून जिंतूर, जिंतूरहून परभणी असा टप्प्याटप्प्याचा प्रवास करणाऱ्या रुग्णाला ही मुदत फार अपुरी पडते. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तिला पहिल्या क्षणी बोलवावे आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच रुग्णाला न्यावे.

परंतु खरी उपेक्षा होते ती त्यानंतर. गडचिरोलीच्या ८६ गावांत ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळात मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. तेथे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात हेच आढळले, आणि त्यातील सुमारे ८७ टक्के मृत्यू घरीच झाले होते. श्रीमंत शहरांचा मानला जाणारा रोग वनवासी, शेतकरी कुटुंबांत केव्हाच येऊन बसला आहे.

आपल्याकडे कुटुंब आहे, ते सांभाळून घेईल, असे अभिमानाने म्हटले जाते. सून सासऱ्याला भरवते, मुलगा उचलून अंगणात बसवतो, हे खरेच आहे. तथापि भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ या चाचणीचा निष्कर्ष अंतर्मुख करणारा आहे. कुटुंबीयांना व्यायामाचे प्रशिक्षण दिले, तरी सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच राहिले. माया कमी पडली नाही. कमी पडले ते प्रशिक्षित हात. शासनाचे दायित्व कुटुंबाच्या खांद्यावर टाकून मोकळे होण्याचा हा विषय नव्हे.

२०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावातच पक्षाघात होता. २०२३ मध्ये नाव बदलून ‘असंसर्गजन्य रोग’ एवढेच उरले. नाव गेल्याचे दुःख नाही. तालुक्याच्या रुग्णालयात भौतिकोपचारतज्ज्ञ नियमित हवा, वाचा गेलेल्यांसाठी वाक्‌चिकित्सेची सोय हवी, रक्तदाबाच्या गोळ्या गावाजवळ अखंड मिळायला हव्यात. पहिला झटका येऊन गेलेल्याला दुसऱ्याचा धोका अधिक असतो. बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करणे त्याला घातक ठरते.

तोवर घरातही काही पथ्ये पाळावी लागतील. लुळा हात धरून रुग्णाला ओढू नये, खांदा निखळतो. आडवे ठेवून पाणी पाजू नये, ते फुप्फुसात जाऊ शकते. दर दोन तासांनी कूस बदलावी. आणि ज्याची वाचा गेली आहे, त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो नसल्यासारखे बोलू नये. पुष्कळदा त्याला सारे समजत असते.